पशुवैद्याचा निरख

वेरूळच्या लेण्यांच्या पश्चिमेस, कन्नड तालुक्यात, देवगाव रंगारी हे बाजाराचे गाव आहे. उत्तरेकडे कन्नडचा घाट उतरला की खानदेश लागतो, दक्षिणेकडे लासूरचे रेल्वे स्थानक आहे, आणि या दोहोंच्या मधल्या मुलखात शेतकऱ्याच्या घरची सर्वांत मोलाची जंगम मालमत्ता म्हणजे त्याची बैलजोडी, ही स्थिती ट्रॅक्टर येईपर्यंत अबाधित होती. ज्या मुलखात बैलाचे दात, त्याचा खांदा, त्याची चाल आणि त्याचे मोल यांची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथे त्याच बैलाच्या दुखण्यावर होणाऱ्या खर्चाची चर्चा कोणत्या रीतीने होत असे, तो खर्च आधी सांगितला जाई की नंतर, चारचौघांत सांगितला जाई की कानात, या प्रश्नाकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. आज शहरातील सुशिक्षित कुटुंब आपले कुत्रे वा मांजर घेऊन पशुवैद्यकाच्या दारी जाते, आणि उपचाराला किती पैसे लागतील हे तेथून निघेपर्यंत त्याला कळत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. ही तक्रार नवी वाटत असली, तरी तिची मुळे फार जुन्या व्यवहारात गुंतलेली आहेत, आणि ती उकलून पाहिल्यावाचून तिचे उत्तर सापडणार नाही.

जनावरांच्या बाजारात भाव ठरविण्याची जुनी रीत म्हणजे हत्ता. विकणारा आणि घेणारा, किंवा बहुधा त्यांच्या वतीने बोलणारे दलाल, उपरण्याखाली वा रुमालाखाली एकमेकांचे हात धरीत. किती बोटे दाबली यावरून आकडा कळे, आणि तो आकडा दहाचा की शंभराचा हे जनावराच्या एकंदर योग्यतेवरून दोघांनाही उमगलेले असे. या पद्धतीत एक सोय होती. भोवतालच्या गर्दीला भाव न कळल्यामुळे गरजू माणसाची नड चव्हाट्यावर येत नसे, आणि सौदा फिसकटला तरी कोणाची मानहानी होत नसे. परंतु त्याच सोयीच्या पोटात तिचा दोषही होता. कारण ज्या शेतकऱ्याला दोन-चार वर्षांतून एकदा बैल विकायचा, त्याला मागच्या बाजारात तशाच बैलाचे काय आले हे जाणून घेण्याचे साधन उरत नसे, आणि जो दलाल दर आठवड्याला तेथेच उभा असे, त्याला मात्र साऱ्या बाजाराचे अंतरंग ठाऊक असे. माहिती एका पक्षाकडे आणि निकड दुसऱ्या पक्षाकडे, अशी वाटणी झाली म्हणजे व्यवहारात लबाडी शिरण्यासाठी कोणी मुद्दाम लबाड असावे लागत नाही.

हा दोष राज्यकर्त्यांच्या ध्यानात येण्यास दीर्घ काळ लागला. कागदोपत्री निजामाच्या, पण प्रत्यक्षात इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या वऱ्हाडात १८९७ साली कापसाच्या व धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. पुढे लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ सालच्या आपल्या अहवालात नियंत्रित बाजारांची आवश्यकता आग्रहाने मांडली, आणि १९३० साली हैदराबाद संस्थानानेही, ज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात देवगाव रंगारी मोडत असे, शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमाने आणि त्याखालील १९६७ च्या नियमांनी बाजार समितीच्या आवारातील सौदा उघड असावा, गुप्त खुणांनी ठरवू नये, असे बंधन घातले. रुमालाखालचे हात सर्वत्र एकाएकी बाहेर आले असे नव्हे. परंतु भाव झाकणे ही रूढी असली तरी तो हक्क नाही, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत नमूद झाले, ही गोष्ट लहान नव्हती.

जनावराच्या किमतीची कथा ही अशी. त्याच्या उपचाराच्या किमतीची कथा वेगळी आहे, आणि तिचा आरंभ गावगाड्यात शोधावा लागतो. बलुतेदारीच्या व्यवस्थेत कामाचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासांत बलुतेदारांची विभागणी असून कोणाच्या वाट्याला किती पेंढ्या वा किती पायली जाणार हे सर्वांना ठाऊक असे, आणि ते माप सर्वांच्या देखत घातले जाई. या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता. ज्यांच्या वाट्याला सर्वांत हीन मानलेली कामे आली, त्यांच्या श्रमाचे मोल तिने कधीच न्यायाने केले नाही. तरीही मोबदला उघड्यावर मोजला जाई, एवढे तिच्याविषयी निःसंशय म्हणता येते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट यांना ज्या व्यवस्थेने स्थान दिले, तिच्या बारा बलुत्यांच्या यादीत गुरांचा वैद्य नाही. बैलावर ज्या समाजाचे सारे जीवन अवलंबून होते, त्याने बैलाच्या दुखण्याची जबाबदारी कोणा एका वतनदाराकडे सोपविली नाही. परिणामी त्या कामाचा मोबदला खळ्यावरच्या त्या उघड मापात कधीच आला नाही.

मग गुरांचे दुखणे पाहत असे कोण? डाग देणारा जाणता शेतकरी, कळप राखणारा धनगर, झाडपाल्याची पोतडी घेऊन गावोगाव फिरणारा वैदू, आणि बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारा नालबंद. यांपैकी नालबंदाचे काम डोळ्यांसमोर होणारे, दर पायामागे मोजता येणारे, आणि म्हणून त्याचा दर बाजारात सर्वांना ठाऊक असणारा. वैदूचे काम मात्र श्रद्धेचे. गुण आला तर खुशीने द्यावे, अशी त्याची बोली असे; आणि या बोलीत जितके औदार्य होते तितकीच अनिश्चितताही होती, कारण खुशीचे माप देणाऱ्याच्या कृतज्ञतेवर आणि घेणाऱ्याच्या आर्जवावर अवलंबून राही. याउलट राजेरजवाड्यांच्या पागेत घोड्यांची चिकित्सा करणारा सलोत्री हा नेमणुकीचा नोकर; त्याचे वेतन सरकारी दप्तरात लिहिलेले, आणि घोड्याच्या मालकाला प्रत्येक उपचाराचा हिशेब विचारण्याचे प्रयोजनच नसलेले. सारांश, गरिबाच्या जनावराचा उपचार खुशीवर आणि सरकारच्या जनावराचा उपचार तनख्यावर, अशा दोन वाटांनी हा व्यवसाय चालला. दर जाहीर करण्याची सवय त्याला यांपैकी एकाही वाटेवर लागली नाही.

एकोणिसाव्या शतकात या विषयात सरकार उतरले ते साथींच्या धास्तीने. बुळकांडीच्या साथींनी गोठेच्या गोठे रिकामे होऊ लागले, तेव्हा हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. मुंबईत परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८४ साली बाई साकरबाई यांच्या नावे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि त्याच्या आश्रयाने १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पदवीधर पशुवैद्यक ही नवी संस्था येथून महाराष्ट्राच्या जीवनात आली. तिचा पाया धर्मादायाचा होता, ही गोष्ट विसरता येत नाही. कारण जेथे सेवा दानाच्या भावनेतून दिली जाते, तेथे तिचा दर विचारणे घेणाऱ्याला संकोचाचे वाटते आणि देणाऱ्याला अनावश्यक वाटते, आणि हा संकोच दानाचे दिवस संपल्यावरही मागे उरतो.

बुळकांडीच्या आयोगाचा अहवाल ज्या १८७१ साली आला, त्याच सालच्या एका कायद्याकडे येथे लक्ष वेधले पाहिजे. गुरांच्या आगळिकीविषयीचा, म्हणजे कोंडवाड्याचा, कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वर्षी झाला. कन्नडचा घाट उतरून खानदेशात गेलेल्या देवगावकराचे जनावर चाळीसगावकडच्या एखाद्या शेतात शिरले, तर त्याला हा कायदा लागू होई. त्याच्या मूळ परिशिष्टात म्हशीला आठ आणे, बैलाला वा गाईला चार आणे, शेळी-मेंढीला एक आणा, असा दंड लिहिलेला होता. आणि त्याहून महत्त्वाचे हे, की या दंडाची आणि जनावराच्या चारापाण्याच्या खर्चाची यादी कोंडवाड्याजवळ सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावलीच पाहिजे, असे त्या कायद्याने फर्माविले होते. अर्थ असा की जनावर अटकेत सापडले तर मालकाला किती भरावे लागेल हे भिंतीवर वाचता येत होते, आणि ते आजारी पडले तर किती भरावे लागेल हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. शिक्षेच्या बाबतीत जी स्पष्टता राज्याला दीडशे वर्षांपूर्वी अवश्य वाटली, ती शुश्रूषेच्या बाबतीत अवश्य वाटू नये, हा विचार करण्यासारखा विरोधाभास आहे.

सरकारी दवाखान्यांनी तो पुष्कळ अंशी दूर केला, हे मान्य केले पाहिजे. शाही कृषी आयोगाने साथींच्या प्रतिबंधक टोचणीसाठी शेतकऱ्याकडून काहीही आकार घेऊ नये अशी शिफारस केली. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, १९५६ च्या पुनर्रचनेनंतर आणि १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत जे पशुवैद्यकीय दवाखाने उघडले, त्यांचे सेवाशुल्क नाममात्र असून ते शासन निर्णयाने ठरत आले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानंतर नागरिकांची सनद भिंतीवर आली. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लसी टोचून घेणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याला काय द्यावे लागेल याची धाकधूक राहिली नाही. भारतातून बुळकांडीचे निर्मूलन झाले आणि २०११ साली ती जगातूनच नाहीशी झाल्याची घोषणा झाली. या विजयात लसीच्या शास्त्राइतकाच, ती फुकट मिळते हे शेवटच्या गोठ्यापर्यंत पोहोचलेल्या वार्तेचाही वाटा आहे, असे मला निश्चितपणे वाटते.

खाजगी पशुवैद्यक खेड्यात आला, मोटारसायकलवर बसून गोठ्यापर्यंत जाऊ लागला, तेव्हाही त्याच्या फीचा फलक कोठे लागला नाही. पण तो न लागताही दर उघडा राहिला, आणि याची कारणे दोन. पहिले असे की गावात बातमी दडत नाही. दूध घालायला सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जमलेले शेतकरी कोणाच्या गाईचा वार अडकला, कोणी काढला आणि काय घेतले, हे एकमेकांना सांगतात, आणि ज्याने अधिक घेतले त्याला पुढच्या खेपेस त्याचा जाब द्यावा लागतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. गाई-बैलाला स्वतःची बाजारातली किंमत असते, आणि ती किंमत उपचाराच्या खर्चाला आपोआप मर्यादा घालते. ज्या गाईचे बाजारात जेवढे येतील त्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम तिच्या एका शस्त्रक्रियेवर घालावयाची झाली, तर शेतकरी, मनातून कितीही हळहळला तरी, थांबून विचार करतो. आणि पशुवैद्यकही तो विचार गृहीत धरूनच बोलतो. १९७२ च्या दुष्काळात चारा संपून गुरांचे मोल मातीला मिळाले, तेव्हा त्यांच्या उपचाराचा प्रश्नच मागे पडला, ही त्याच नियमाची दुःखद बाजू होय.

कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत ही दोन्ही कुंपणे मोडून पडतात. इतिहासात कुत्र्याच्या नावाने जाहीर झालेला दर पाहू गेल्यास तो १८३२ सालच्या मुंबईत सापडतो, आणि तो उपचाराचा नसून वधाचा आहे. भटके कुत्रे मारून आणणाऱ्यास दर कुत्र्यामागे आठ आणे देण्याच्या त्या योजनेविरुद्ध पारशी समाज खवळून उठला, शहरात दंगल उसळली, आणि तिच्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, मुंबईच्या पांजरापोळीची स्थापना झाली. ज्या प्राण्याच्या मृत्यूला आठ आण्यांचे मोल लावण्यात आले होते, तो आज घराघरांत अपत्यासारखा वाढविला जातो, हे मानवी करुणेच्या वाढीचे लक्षण आहे आणि त्याचा अभिमानच बाळगला पाहिजे. परंतु या वाढलेल्या मायेचा आर्थिक परिणाम असा, की रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिलाला बाजारात किंमत नसते, पण घरातील मुलाच्या दृष्टीने त्याला किमतीची सीमाच नसते. बैलाच्या मालकाला त्याच्या बैलाचे मोल थांबवू शके. कुत्र्याच्या मालकाला थांबविणारे काही नाही. शिवाय फ्लॅटमध्ये राहणाऱ्या या मालकाला दूध संकलन केंद्रावरची ती सकाळची चर्चाही उपलब्ध नाही. शेजाऱ्याकडे कुत्रे नसते, असले तरी त्याला तो आजार झालेला नसतो, आणि रात्री अकरा वाजता विव्हळणारे जनावर कडेवर घेऊन उभा असलेला माणूस दोन ठिकाणी चौकशी करून निर्णय घेण्याच्या मनःस्थितीत नसतो. हत्त्याच्या बाजारात जी विषमता होती, माहिती एकीकडे आणि निकड दुसरीकडे, तीच येथे प्रेमाच्या दडपणाने शतगुणित होऊन उभी राहते.

म्हणून जुन्या बाजाराला जे तत्त्व आवश्यक ठरले, त्याची या नव्या दवाखान्यांना अधिकच आवश्यकता आहे. माणसांच्या डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या आचारसंहितेत फी आणि इतर आकार फलकावर स्पष्ट लावावेत, आणि ते उपचारापूर्वी सांगावेत, असे म्हटले आहे. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णालयांनी काही ठरावीक सेवांचे दर लावण्याचे बंधन आले. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने पशुवैद्यकालाही नोंदणीकृत, शपथबद्ध व्यावसायिकाची प्रतिष्ठा दिलेली आहे; त्या प्रतिष्ठेला हाच शिरस्ता शोभतो. विलायतेतही हा प्रश्न याच सुमारास ऐरणीवर आला. तेथील स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने २०२३ साली घरगुती प्राण्यांच्या पशुवैद्यकीय सेवांची चौकशी सुरू केली, तेव्हा सुमारे ५६,००० जणांनी आपले म्हणणे कळविले. आणि २०२४ च्या मार्चमध्ये असे निष्पन्न झाले की तपासलेल्या दवाखान्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक दवाखान्यांच्या संकेतस्थळांवर अगदी साध्या सेवांचेही दर दिलेले नव्हते. २०१३ साली जेथे सुमारे दहा टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या हाती होते, तेथे दहा वर्षांत ते प्रमाण साठ टक्क्यांच्या जवळ गेले होते, ही त्यामागची पार्श्वभूमी. आपल्याकडेही महानगरांतून मोठ्या भांडवलाचे दवाखाने उभे राहत आहेत. त्यांच्या मागोमाग हा प्रश्न जिल्ह्याच्या शहरांत येणार, हे सांगण्यास फार दूरदृष्टी लागत नाही.

पशुवैद्यकांच्या बाजूने जे सांगितले जाते तेही न्यायाने ऐकले पाहिजे. मुके जनावर आपले दुखणे सांगत नाही. पोटात काय आहे हे पोट उघडल्यावाचून कळत नाही. सारख्याच लक्षणांच्या दोन कुत्र्यांपैकी एक दोन गोळ्यांनी बरे होते आणि दुसऱ्याला आठ दिवस सलाईन लावावे लागते. क्ष-किरण यंत्र, रक्ततपासणीची सामग्री, भुलीची औषधे आणि रात्रीचे जागरण यांचा खर्च मालकाला दिसत नाही, आणि शेजारच्या दवाखान्याने शंभर रुपये कमी लिहिले एवढ्यावरून लोक तिकडे धावू लागले, तर निष्काळजी स्वस्ताईला उत्तेजन मिळेल ही भीतीही निराधार म्हणता येत नाही. तथापि या आक्षेपांतून निघते ते एवढेच, की प्रत्येक गोष्टीचा दर आधी सांगता येत नाही. तपासणीची फी, रेबीजची लस, नसबंदी, दात साफ करणे, क्ष-किरण चित्र, एका दिवसाची भरती, यांचे दर तर निश्चित असतात आणि ते भिंतीवर लिहिता येतात. जेथे निश्चिती नाही तेथे अंदाजपत्रक देता येते; खालची आणि वरची मर्यादा सांगता येते; खर्च त्या मर्यादेबाहेर जाऊ लागला तर थांबून मालकाची संमती घेता येते. औषधाच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापली जाते आणि तिने औषधविक्रेत्यांचा व्यवसाय बुडालेला नाही. पावती न देणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत मोजलेला प्रकार आहे, हेही दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवावे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्याने पुष्कळ गैरसमज माजतात. निरख बांधणे निराळे आणि निरख सांगणे निराळे. देवगिरीची लूट घेऊन परतलेल्या आणि पुढे दिल्लीचा सुलतान झालेल्या अलाउद्दीन खिलजीने तेथे बाजार बांधून टाकला. पहिल्या प्रतीच्या घोड्याला शंभर ते एकशेवीस टंके, अशी प्रतवारी लावली आणि घोड्यांच्या दलालांना कठोर शिक्षा केल्या, असे इतिहासकार बरनीने लिहून ठेवले आहे. ती व्यवस्था सुलतानाच्या दंडशक्तीवर उभी होती आणि त्याच्यामागे टिकली नाही. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडेही बाजाराच्या निरखावर नजर ठेवण्याचे काम होते. दर वरून ठरवून देण्याचे हे प्रयोग पुन्हा करा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पशुवैद्यकाने आपल्या विद्येचे, श्रमाचे आणि सामग्रीचे मोल स्वतः ठरवावे, ते शेजाऱ्यापेक्षा अधिक असले तरी निःसंकोच ठरवावे. मागणे एवढेच आहे, की ठरविलेले मोल त्याने आधी सांगावे. पहिल्या गोष्टीत त्याचे स्वातंत्र्य आहे, दुसरीत त्याच्याकडे आलेल्या माणसाचे.

आणि या स्पष्टतेचा लाभ अखेर पशुवैद्यकालाच अधिक आहे. दर आधी कळला तर ज्याला परवडत नाही तो वेळीच सरकारी दवाखान्याची वा धर्मादाय रुग्णालयाची वाट धरतो, जनावर अर्धवट उपचारात अडकत नाही, आणि बिलावरून होणारी हातघाई टळते. दर कळत नाही म्हणून पुष्कळ लोक दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, लस राहते, नसबंदी राहते, आणि त्याचे परिणाम गल्लीतल्या साऱ्यांना भोगावे लागतात; रेबीजसारख्या, एकदा लक्षणे दिसू लागली की जवळपास निश्चितपणे प्राणघातक ठरणाऱ्या, रोगाच्या बाबतीत तर ही गोष्ट माणसांच्या जिवावर बेतणारी आहे. देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याने भावाची भाषा रुमालाखालून उघड लिलावात येताना पाहिली, आणि त्या बदलाने प्रामाणिक व्यापाऱ्याचे काहीच बिघडले नाही, हेही पाहिले. तोच बदल पशुवैद्यकांनी कायद्याची सक्ती होण्याची वाट न पाहता स्वतःहून घडवून आणावा, आपल्या दवाखान्यात प्रवेश करताच वाचता येईल असा मराठी फलक लावावा, आणि मुक्या जिवासाठी आलेल्या माणसाला निदान पैशाच्या अज्ञातातून मुक्त करावे, अशी अपेक्षा या व्यवसायाविषयी आदर बाळगणाऱ्या प्रत्येकाने उघडपणे व्यक्त केली पाहिजे.